आणाबाईंचा सोमवार

माझं काम हाडांचे फोटो काढायचं. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीत मी सव्वीस वर्षं काढली. भिंतीपलीकडे लॉन्ड्री होती. सहा मजल्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे झगे, सगळं तिथं धुतलं जायचं. तिथली यंत्रं सुरू झाली की माझ्या टेबलावरची पेनं आपोआप चालू लागायची. त्यामुळे लॉन्ड्रीत आज काय चाललंय हे मला जागेवर बसून कळायचं. सोमवारी पेनं टेबलावरून खाली पडत. गुरुवारी ती जागची हलत नसत.

त्या लॉन्ड्रीत रोलरवर एक बाई होत्या. रोलर म्हणजे कंबरेच्या उंचीवर फिरणारा, आतून वाफेनं तापलेला लांबलचक लोखंडी दंडगोल. ओली चादर या बाजूनं सरळ धरून आत सोडायची, त्या बाजूनं ती कोरडी, कडक इस्त्रीची बाहेर येते. ऐकायला सोपं वाटतं. पण चादर बोटभर तिरकी गेली तर तिला अशी चुणी पडते की दोनदा धुतल्याशिवाय जात नाही. बाईंच्या हातून चादर कधी तिरकी गेली नाही. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथंच राहिलं. सगळे त्यांना आणाबाई म्हणायचे, कारण कोणी कुठलंही काम घेऊन अडलेलं दिसलं की त्यांच्या तोंडून एकच निघायचं, "आणा इकडे!"

रोलरच्या दुसऱ्या टोकाला एक उंच, शांत माणूस घड्या घालायचा. त्याला घडीवाला म्हणत. धुलाईच्या यंत्रांवर एक वयस्कर काका होते. काचेच्या केबिनमध्ये सुपरवायझर साहेब. साहेब दर वर्षी वरच्या ऑफिसला एकच अर्ज पाठवत: दोन माणसं जास्त द्या आणि पाचशे नव्या चादरी द्या. अर्जाची तारीख तेवढी बदलायची.

सोमवारी सकाळी नऊ वाजता सहाही मजले एकदम पलंग रिकामे करत. लिफ्टमधून ट्रॉल्या उतरत, आणि लॉन्ड्रीच्या दारापासून माझ्या खोलीच्या दारापर्यंत गाठोड्यांची रांग लागे. पाय मोडलेले पेशंट त्या गाठोड्यांवर टेकून आपला नंबर येण्याची वाट बघत. आत काका यंत्रात मावेल त्याच्या दीडपट कोंबत, त्यामुळे कपडे निघत अर्धवट मळके. धुतलेल्या चादरी रोलरपाशी ढिगानं साचत. दुपारपर्यंत ढीग आणाबाईंच्या खांद्याला लागे. तळातल्या चादरी ओल्याच्या ओल्या दबून राहात, मंगळवारपर्यंत त्यांना वास सुटे, की त्या परत धुवायला. म्हणजे एकच चादर एका आठवड्यात दोनदा धुतली जायची आणि पेशंट तिच्यावर एकदाही झोपलेला नसायचा.

आणाबाई या सगळ्यात पदर खोचून उभ्या. डबा न उघडता, पाणी न पिता. घडीवाला मध्येच म्हणे, "बाई, जरा मी लावतो, तुम्ही बसा." तो दोन चादरी लावी. तिसरीचा कोपरा थोडा वळला की बाईंचा हात पुढे. "राहू दे रे बाबा. त्यापेक्षा माझं मी करते." बुधवारी दुपारी सगळं संपायचं. मग गुरुवार-शुक्रवार काका पेपर वाचायचे, घडीवाला कोडी सोडवायचा, आणि रोलर रिकामा, तापलेला, गरगर फिरत राहायचा, कारण बॉयलर बंद करून परत पेटवायला अर्धा दिवस लागतो. घडीवाला त्याच्या कडेच्या पत्र्यावर डबा गरम करायचा. आणाबाई मात्र गुरुवारीही स्वस्थ नसत. झग्यांची तुटलेली बटणं लावत आणि पाठ दुखते म्हणून कण्हत.

घरीही तोच प्रकार. यजमान निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर चाललेला माणूस घरात बसून कंटाळला होता. एकदा त्यांनी हौसेनं भांडी घासली. बाईंनी ती सगळी कपाटातून काढून पुन्हा घासली. तेव्हापासून त्यांनी कशाला हात लावला नाही. बाई मग शेजारणीला सांगत, "आमच्याकडे इकडची काडी तिकडे होत नाही माझ्याशिवाय." यजमान आतून हे ऐकत आणि कानातलं यंत्र बंद करत.

एका मंगळवारी सकाळी पेनं थांबली. मी दचकलोच. मंगळवारी ती थांबत नसत. पाच मिनिटांनी दार उघडून आणाबाई आत आल्या. उजवा हात डाव्या हातात धरलेला, जणू दुसऱ्या कोणाचा हात सांभाळायला दिलाय.

"फोटो काढा. लवकर. ढीग पडलाय."

"हात वर करा बघू."

हात छातीपर्यंत आला आणि थांबला. बाई त्याच्याकडे रागानं बघत राहिल्या, कामचुकार माणसाकडे बघावं तशा. हाड शाबूत होतं, पण खांदा पार धरला होता. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली: सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, वजन उचलायचं नाही.

"सहा आठवडे?" साहेब चिठ्ठी वाचून खुर्चीतून उठलेच. "मग रोलरवर कोण?"

"मी आहे ना," घडीवाला म्हणाला.

साहेबांनी आणि बाईंनी त्याच्याकडे एकाच नजरेनं पाहिलं. पण दुसरा इलाज नव्हता. बाईंना दाराशी खुर्ची दिली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाठोड्यांची नोंद करायला एक वही.

पहिला आठवडा त्यांच्यापेक्षा घडीवाल्याला जास्त जड गेला. दर पाच मिनिटांनी खुर्चीतून हाक यायची. "अरे, कोपरा!" "ताण, ताण तिला!" "डोळे कुठायत तुझे?" शनिवारी तो माणूस, ज्याचा आवाज मी सहा वर्षांत भिंतीपलीकडून कधी ऐकला नव्हता, रोलर सोडून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. मी तेव्हा तिथंच होतो.

"बाई, एक विचारू? मी इथं सहा वर्षं आहे. तुम्ही मला सलग दहा चादरी कधी लावू दिल्यात?"

"तुला जमत नाही म्हणून…"

"दहा लावल्याशिवाय जमेल कसं? तुम्ही दमता, आम्हाला दिसतं. मी तिकडे हात बांधून उभा राहतो, त्याचीही लाज वाटते. लोक म्हणतात घडीवाला आळशी. मी आळशी नाही हो. मला काम मिळत नाही!"

 बाईंनी खुर्ची उचलली, म्हणजे डाव्या हातानं ओढली, आणि रोलरकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसल्या. दिवसभर तशाच. मला वाटलं, रुसल्या.

रुसल्या होत्याच. पण दाराकडे तोंड करून बसल्यामुळे पुढच्या सोमवारी त्यांना एकोणीस वर्षांत प्रथमच सोमवार दिसला. आतापर्यंत त्यांना फक्त ढीग दिसत असे, आता तो येताना दिसला. नऊ वाजून पाच मिनिटांनी चौदा ट्रॉल्या दारात. दोघा वॉर्डबॉयची लिफ्टवरून जुंपलेली. माझ्याकडे आलेले एक आजोबा गाठोड्यांमध्ये वाट चुकून थेट धुलाईच्या यंत्रापाशी पोचलेले, आणि काका त्यांना "आधी कपडे उतरवा" म्हणतायत. आणि तीनच दिवसांनी, गुरुवारी, त्याच दारात चिटपाखरू नाही.

बाईंनी काकांना विचारलं, "काका, सगळं सोमवारीच का हो येतं?"

काकांनी पेपर खाली घेतला, नीट विचार केला. "सोमवारीच येतं ते."

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, सोमवार हा सोमवारच असतो." आणि हे बोलणं आपल्याला पटल्यासारखी मान हलवली.

तेव्हा बाई उठल्या आणि वर निघाल्या. एकटीनं कसं जायचं, म्हणून वाटेत मला बोलावलं. माझ्याकडे पेशंट नव्हता, आणि खरं सांगतो, मजा बघायची होती.

तिसऱ्या मजल्याच्या मोठ्या सिस्टर म्हणजे करारी बाई. त्यांच्या वॉर्डात पेशंटसुद्धा विचारून खोकत. त्यांनी सांगितलं, "मंगळवारी मोठ्या डॉक्टरांचा राउंड असतो. त्यांना पलंगावर एक सुरकुती चालत नाही. म्हणून सोमवारी सगळं बदलायचं."

"कुठले मोठे डॉक्टर?" मी विचारलं.

सिस्टरांनी नाव सांगितलं आणि बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला. ते डॉक्टर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. आताचे मोठे डॉक्टर मनाला येईल तेव्हा येतात, आणि आले तरी फायलीतून डोकं वर काढत नाहीत. गेली अकरा वर्षं सहा मजले मिळून एका घरी बसलेल्या माणसासाठी सुरकुत्या काढत होते.

तेवढ्यात बाईंची नजर कोपऱ्यातल्या कपाटावर गेली. दारावर चिठ्ठी होती: जुने रेकॉर्ड. दार मात्र मधून फुगलं होतं आणि फटीतून एक पांढरा कोपरा डोकावत होता. लोकांना माणसाच्या चेहऱ्यावरून माणूस ओळखता येतो, बाईंना कोपऱ्यावरून चादर ओळखता यायची.

"सिस्टर, हे कोणाचं रेकॉर्ड?"

"जुनं आहे. हात लावू नका," सिस्टर पुढे सरसावल्या.

पण बाईंनी डाव्या हातानं कडी काढली होती. दार उघडलं नाही, सुटलं. इस्त्री केलेल्या, घडी घातलेल्या चादरी धबाधबा आमच्या अंगावर आल्या. सिस्टर, बाई आणि मी, तिघं गुडघाभर चादरींत. पलंगावरच्या एका पेशंटनं टाळ्या वाजवल्या.

सिस्टरांचा चेहरा लाल झाला. मग एकदम त्यांनी कमरेवर हात ठेवले. "मग काय करू? शुक्रवारी रात्रपाळीला एक चादर मागितली तर तुमच्याकडे नसते! माझ्या पेशंटांना काय गादीवर निजवू? चार हातच्या ठेवते मी. सगळेच ठेवतात!"

"चार?" बाई म्हणाल्या.

"चार डझन," सिस्टर म्हणाल्या. नंतर मोजल्या तेव्हा त्या एकशे बारा निघाल्या.

सगळेच ठेवत होते. दुसऱ्या मजल्यावर बाळंतिणींच्या वॉर्डात पाळण्यांच्या खाली. पाचव्यावर पुस्तकांच्या कपाटात, पुस्तकं बाहेर काढून. सहाव्यावर तर एका रिकाम्या पलंगावर चादरींवर चादरी अंथरून तो माझ्या छातीइतका उंच झाला होता, आणि वरून "राखीव" अशी पाटी. शुक्रवारी चादरी मिळत नाहीत म्हणून सगळे दडवत, आणि सगळ्यांनी दडवल्या म्हणून शुक्रवारी मिळत नसत. बाई जिन्यात थांबल्या, धाप लागली होती. "म्हणजे मी एकोणीस वर्षं मर मर मरून कपाटांना इस्त्री करत होते," त्या म्हणाल्या.

खाली परत आलो. मी घाईघाईनं "बरंय मग" म्हणून खोलीत शिरायला लागलो. बाई माझ्या मागून आत. एक्स-रेच्या वेळी अंगावर घ्यायचे शिशाचे एप्रन असतात, त्यांचं एक कपाट माझ्याकडे होतं. त्यांनी सरळ ते उघडलं. एप्रनांच्या मागे सोळा चादरी.

"तुमच्या फोटोंना थंडी वाजते का?"

मी सोळाच्या सोळा चादरी काढून खुर्चीवर ठेवल्या. 

पुढचं काम आम्ही माझ्याच टेबलावर केलं. बाईंचा उजवा हात चालत नव्हता म्हणून त्या सांगत आणि मी एका फोटोच्या पाकिटावर लिही. सोमवारी पहिला मजला, मंगळवारी दुसरा, असं शनिवारपर्यंत सहा. कोणाची चादर मध्येच खराब झाली तर तेवढी त्याच दिवशी बदलून मिळणार. कागदावर हे इतकं सोपं दिसत होतं की मलाच शंका आली.

अडचण वेगळीच निघाली. दडवलेला माल आधी कोण बाहेर काढणार? तिसऱ्या मजल्याच्या सिस्टर म्हणाल्या, "आधी चौथ्यानं काढावा, मग मी." चौथा म्हणाला, आधी पाचव्यानं. पाचव्यानं आपल्याकडे काहीच नाही असं शपथेवर सांगितलं, पुस्तकांचे ढीग जमिनीवर दिसत असताना. शेवटी बाईंनी युक्ती केली. बुधवारी सकाळी ठीक अकरा वाजता सगळ्यांनी एकदम ट्रॉल्या लिफ्टपाशी आणायच्या, कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही. अकराला पाच कमी असताना मी जिन्यात उभा होतो. प्रत्येक मजल्यावर एकेक सिस्टर भरलेली ट्रॉली दाराच्या आत धरून, डोकं बाहेर काढून दुसऱ्या मजल्यावर काय हालचाल आहे ते वाकून बघतेय.

सहाशे चौऱ्याहत्तर चादरी निघाल्या. त्यांच्याबरोबर एक बुद्धिबळाचा पट, दोन स्वेटर आणि एक दातांची कवळी, जिचा मालक शेवटपर्यंत सापडला नाही. साहेब तो डोंगर बघत उभे राहिले. त्यांचा पाचशे चादरींचा यंदाचा अर्ज आदल्याच दिवशी वर गेला होता. ते जिना चढून गेले आणि तो परत घेऊन आले. ते आपणहून जिना चढताना मी पहिल्यांदाच पाहिले.

पुढचा सोमवार फारच विचित्र गेला. नऊ वाजता दोन ट्रॉल्या आल्या आणि बस. काकांना वाटलं संप झाला. ते दोनदा बाहेर जाऊन लिफ्ट चालू आहे का बघून आले. दुसऱ्या आठवड्यात सहाव्या मजल्यानं सवयीनं सोमवारी चार गाठोडी चोरून पाठवली. बाईंनी ती तशीच परत वर धाडली, वर चिठ्ठी लावून: शनिवारी या. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र गाडी रुळावर आली. रोज थोडं, रोज सारखं. काका यंत्रात मावेल तेवढंच घालू लागले. वासाच्या चादरी बंद झाल्या. आणि माझी पेनं सोमवार ते शनिवार सारखीच, हळूहळू सरकत राहिली. मी त्यांच्यासाठी एक वाटी ठेवली.

घडीवाल्याच्या चादरी थोड्या तिरक्या निघत. मग कमी तिरक्या. मग सरळ. एकाही पेशंटनं तक्रार केली नाही. ही गोष्ट बाईंना सगळ्यांत जास्त लागली.

"एकानंही नाही?" त्या मला विचारत.

"एकानंही नाही."

"लोकांना आता कशाचं काही राहिलंच नाही," असं म्हणून त्या निघून जात.

सहा आठवडे संपले, हात वर गेला. साहेबांनी नवा नियम केला होता, आपलाच असल्यासारखा: रोलरवर दोन तास बाई, दोन तास घडीवाला, जो रोलरवर नाही त्यानं घड्या घालायच्या. पहिल्या दिवशी दोन तास संपले तरी बाई सरकेनात. घडीवाला शेजारी येऊन उभा राहिला.  काका पेपराआडून बघत होते, मी दारातून. बाईंनी हातातली चादर आत सोडली, ती सरळ गेल्याचं बघितलं, आणि बाजूला झाल्या. मग घड्यांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पहिलीच घडी त्यांची वाकडी झाली. घडीवाल्यानं तिकडे पाहिलं, आणि पुन्हा आपल्या चादरीकडे पाहिलं. त्या माणसाच्या सभ्यपणाला मी तेव्हा मनातून हात जोडले.

घरी काय झालं ते यजमानांनीच मला सांगितलं. हात दुखावलेला असताना सहा आठवडे भांडी तेच घासत होते. बाई बऱ्या झाल्यावर त्यांनी स्पंजावरचा हक्क सोडला नाही. "ती मागे उभी राहून बघते," ते म्हणाले, "पण आता परत घासत नाही. मला वाटतं, तिला लॉन्ड्रीतच कुणी तरी शिकवलंय."

मग बाईंनी रजा काढली. एकोणीस वर्षांतली पहिली. धाकट्या बहिणीकडे गेल्या, बसनं पाच तासांवर. निघताना आम्हाला बजावून गेल्या, काही अडलं तर लगेच फोन करा, अर्ध्या दिवसात येते.

पहिल्या दिवशी फोन गेला नाही. दुसऱ्या दिवशी गेला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी लॉन्ड्रीतला फोन वाजला. घडीवाल्यानं घेतला.

"सगळं ठीक आहे ना रे?"

"हो बाई. एकदम ठीक."

"रोलर?"

"मस्त चाललाय."

"पाचव्या मजल्यानं काही गडबड?"

"काही नाही."

 "बरं," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

बहिणीनं पुढे मला सांगितलं, त्या दुपारी ताई खिडकीशी बसून राहिली. संध्याकाळी म्हणाली, "माझ्यावाचून तिथं काही अडत नाही गं." बहीण म्हणाली, "मग बरंच झालं की. अजून चार दिवस राहा." बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की बहिणीला वाटलं, आता ही बॅग भरते. पण बाई राहिल्या. चार नाही, आठ दिवस राहिल्या. पाचव्या दिवशी जेवून जरा पाठ टेकते म्हणून आडव्या झाल्या आणि झोपल्या. तीन वाजले, चार वाजले. भाच्यानं दोनदा दार उघडून श्वास चालू आहे ना ते बघितलं. साडेपाचला त्या उठून बाहेर आल्या, केस विस्कटलेले, गालावर उशीची खूण, आणि बहिणीनं तिसऱ्यांदा गरम केलेला चहा हातात घेऊन म्हणाल्या, "काय गं, उठवलं का नाहीस? उद्या पण झोपणार आहे मी, सांगून ठेवते."